बेल वाजली आणि निरोप गेला : आईचं विसरणं आणि माझं विसरणं एकच का?

ओसरी

गेल्या आठवड्यातली गोष्ट. ऑफिसातून आईला फोन केला. "आज गॅसवाला येईल, रिकामं सिलिंडर बाहेर काढून ठेव, पैसे टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहेत." आई ७६ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी न्यूरॉलॉजिस्टनी तपासून स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचं सांगितलंय. तिनं माझं वाक्य जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं आणि मला हायसं वाटलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली. इस्त्रीवाला कपडे घेऊन आला होता. फोन तसाच ठेवून ती गेली, दोन मिनिटांनी परत आली आणि म्हणाली, "हं बोल गं, कशाला फोन केलास?"

निरोप गेला होताच, पण मी काही निरोप दिला होता हेही गेलं होतं.

त्याच संध्याकाळी मी हॉलमधून उठून स्वयंपाकघरात गेले. वाटेत मुलानं वायफायचं काहीतरी विचारलं. ओट्यापाशी पोचले तर कशाला आले तेच आठवेना. परत हॉलमध्ये आले, सोफ्यावर कढीपत्त्याची जुडी दिसली आणि लगेच आठवलं : कात्री. पण मधल्या अर्ध्या मिनिटात पोटात गोळा आला. मी ४९ वर्षांची आहे.

दोन प्रश्न आहेत. आईचं आणि माझं विसरणं एकाच जातीचं आहे का? आणि मध्ये कुणी आलं-गेलं नाही, टीव्ही-बेल-फोन नसला, तर आईच्या लक्षात जास्त राहील का? घरी कुणी करून पाहिलंय? डॉक्टर भेटीत दहा मिनिटं देतात, त्यात औषधांचंच बोलणं होतं. म्हणून इथे विचारतेय.

चष्मा_कुठाय

ओसरीताई, कात्रीसाठी घाबरू नका. आमच्याकडे गॅसवर दूध ठेवून "उतू जाण्याआधी बंद कर" असं मला सांगतात आणि पाठोपाठ "बाजारातून काय काय आणायचं ते लिहून घे" असंही सांगतात. दूध दरवेळी जिंकतं.

आईंबद्दल मात्र वाचून वाईट वाटलं. जाणकार लिहितीलच, मी वाचतोय.

निशिगंध

प्लस वन. सासूबाईंचं हेच. एकटीशी बोललं तर सगळं नीट, तिसरा माणूस खोलीत आला की पाटी कोरी.

मेंदूवाला

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, ज्येष्ठांच्या स्मृतीच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी साम्य. नुकतंच ऐकलेलं काही टिकवायचं तर आपण ते मनात घोळवत राहतो. घोळवणं थांबलं की गळती सुरू होते, आणि हे निरोगी तरुणांचंही होतं. १९५९ मध्ये अमेरिकेत लॉइड आणि मार्गारेट पीटरसन या जोडप्यानं विद्यार्थ्यांना फक्त तीन व्यंजनं लक्षात ठेवायला दिली. लगेच एक आकडा सांगून त्यातून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं, म्हणजे घोळवायला फुरसतच नाही. अठरा सेकंदांनी विचारलं तर दहा वेळांतून एखाद्याच वेळी नीट सांगता आलं. तीन अक्षरं, विशीतली पोरं! आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन ब्राउन यांनी असाच प्रयोग केला होता.

आता फरक. तुम्हाला कढीपत्ता दिसला आणि कात्री आठवली. म्हणजे 'कात्री आणायची' याची नोंद झाली होती, तिथे जायची वाट तेवढी हरवली होती. जुडी दिसली, वाट सापडली. आईंचा निरोप परत म्हणून दाखवण्याइतका त्यांच्या हातात होता, पण हातातून खाली ठेवायला फळीच नाही. घडलेल्या गोष्टींची नोंद करायला मेंदूच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस लागतो आणि अल्झायमरमध्ये सुरुवातीला तोच भाग झिजतो. बेल वाजली, हात दुसरीकडे गेला, वस्तू पडली. म्हणून निरोपाबरोबर 'निरोप होता' हेही जातं, आणि खूण दिली तरी बऱ्याचदा आठवत नाही.

तुमच्या पोटातल्या गोळ्यासाठी एवढं सांगतो : खूण मिळाल्यावर आठवतं, आपण विसरलो हे आपल्याला कळतं, हे दोन्ही चांगलं लक्षण आहे. फक्त या एका लक्षणावर निदान होत नाही, त्यामुळे काळजी वाटत राहिली तर तपासून घ्या.

हार्टफर्डची_थंडी

मेंदूवाला यांचं हातातून पडण्याचं वर्णन वाचलं आणि लिहायलाच बसले. मी ज्या गावात राहते तिथेच ही गोष्ट घडली. कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डमध्ये १९५३ साली हेन्री मोलायसन या २७ वर्षांच्या तरुणाची अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. विल्यम स्कोव्हिल या सर्जननी मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा आणि आजूबाजूचा भाग काढला. झटके कमी झाले, पण त्या दिवसापासून नवं काही साठेना. २००८ मध्ये ते वारले तोवर शास्त्राच्या पुस्तकांत त्यांचं नाव फक्त 'एच. एम.' एवढंच होतं.

ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ मॉन्ट्रियलहून येऊन त्यांच्या चाचण्या घ्यायच्या. एकदा त्यांनी ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला आणि त्यांना एकटं शांत बसू दिलं. पंधरा मिनिटांनी विचारलं, हेन्रींनी बरोबर सांगितला! कसा, तर पाच, आठ, चारची बेरीज सतरा, आठ लक्षात ठेवायचे, सतरातून वजा केले की नऊ, नवाचे दोन भाग पाच आणि चार, झाले ५८४. हे सारखं मनात चाललं होतं. मग विषय बदलला, आणि मिनिटाभरात आकडा तर गेलाच, आकडा दिला होता हेही आठवेना.

इथल्या रस्त्यांवरून जाताना मला त्या पंधरा मिनिटांची आठवण येते. किती कष्टानं त्यांनी ते तीन आकडे धरून ठेवले असतील. ओसरी, तुमच्या आईनं वाक्य परत म्हणून दाखवलं ना, तेही तसंच धरून ठेवणं असणार.

ओसरी

हार्टफर्डची_थंडी, वाचून डोळ्यांत पाणी आलं. मला वाटत होतं ती लक्ष देत नाही. एक-दोनदा बोललेही तिला तसं.

तर्कशुद्ध

प्रयोग रोचक आहेत, पण पीटरसन यांच्या आकड्यावरून 'माणूस अठरा सेकंदांत विसरतो' असं कुणी धरून चालू नये. १९६२ मध्ये केपेल आणि अंडरवुड यांनी दाखवलं की पहिल्याच फेरीला अठरा सेकंदांनंतरही विसरणं जवळपास नसतं. गळती सुरू होते ती पुढच्या फेऱ्यांत, आधीची अक्षरं नव्या अक्षरांत मिसळायला लागतात तेव्हा. म्हणजे दोष वेळेचा कमी आणि गर्दीचा जास्त.

आणि सगळं व्यत्ययावर ढकलणंही मला पटत नाही. वडील ८१ वर्षांचे आहेत, शांत खोलीत बसूनही विसरतात.

मेंदूवाला

तर्कशुद्ध, केपेल-अंडरवुडचा मुद्दा बरोबर आहे, तो मी गाळायला नको होता. पण बघा, त्यानं ओसरींच्या दुसऱ्या प्रश्नाला बळच मिळतं. दोष गर्दीचा असेल तर गर्दी कमी करून पाहता येते. वेळ कुणाला थांबवता येत नाही.

हुबळीचा_जावई

जरा अवांतर, पण व्यत्ययावर बोलताना अष्टावधान विसरून कसं चालेल! सासुरवाडीला प्रत्यक्ष बसून पाहिलंय. एकाच वेळी आठ गोष्टींवर लक्ष ठेवायची ही कन्नड, तेलुगू आणि संस्कृत पंडितांची कला. अवधानी मध्ये बसतो, भोवती आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे. एक समस्या देतो, म्हणजे एक ओळ देऊन श्लोक पुरा करायला सांगतो, एक दत्तपदी, म्हणजे श्लोकात आणायचे शब्द देतो, एक अमुक अक्षर वापरायचं नाही असं प्रत्येक अक्षरागणिक अडवतो. अवधानी फेरीला प्रत्येकाच्या श्लोकाचा एकच चरण सांगतो आणि पुढच्याकडे वळतो. चार फेऱ्या झाल्या की श्लोक पुरे. मधूनच कुणी घंटा वाजवतो, तिचे ठोके मोजायचे.

आणि आठातल्या एकाचं काम काय, तर फक्त लक्ष उडवणं! त्याला अप्रस्तुतप्रसंगी म्हणतात. अवधानी श्लोकात बुडालेला असताना हा विचारणार, "काय हो, इडलीला भोक नसतं, मग वड्याला का?" अवधान्यानं हसून, तितकंच चतुर उत्तर द्यायचं आणि सोडलेला चरण पुन्हा उचलायचा. शेवटी सगळे श्लोक सलग म्हणून दाखवायचे, त्याला धारणा म्हणतात. आपल्या पूर्वजांनी व्यत्ययाला खुर्ची देऊन सभेत बसवलं होतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

मुंबईचाही दाखला आहे. जैन तत्त्वचिंतक श्रीमद् राजचंद्र शतावधानी, म्हणजे शंभर गोष्टींवर एकदम लक्ष ठेवणारे, म्हणून प्रसिद्ध होते. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींनी त्यांची परीक्षा घेतली : युरोपीय भाषांतले येतील तेवढे शब्द ऐकवले आणि त्यांनी ते त्याच क्रमानं परत म्हणून दाखवले, असं गांधीजींनी स्वतः लिहून ठेवलंय.

चष्मा_कुठाय

आमच्या घरी अप्रस्तुतप्रसंगी तीन आहेत. धाकटा आठ वर्षांचा आहे.

तर्कशुद्ध

जावईबापू, छान माहिती. पण अवधानी छंद, यमक, अर्थ यांच्या खुंट्या मारून ठेवतो. चार चरण चार खुंट्यांना अडकवलेले, प्रश्न आला तरी पडत नाहीत. आपण निरोप नुसता मुठीत धरतो.

हुबळीचा_जावई

मान्य. आणि वर्षानुवर्षांची साधना.

रुळावरून

मी निवृत्त लोको पायलट आहे. वर साधनेचा विषय निघाला म्हणून लिहितो. रेल्वेत सिग्नल दिसला की सहायक आणि पायलट दोघंही तो मोठ्यानं उच्चारतात. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. नवीन पोरांना सुरुवातीला संकोच वाटतो. मी त्यांना सांगायचो, बाबा, डोळ्यांनी पाहिलेला पिवळा पुढच्या वळणावर निसटतो, तोंडानं म्हटलेला निसटत नाही. मध्येच वॉकीटॉकी बोलला की डोक्यातलं पुसलं जातं, हे आम्हाला कुठल्याही प्रयोगाशिवाय ठाऊक होतं.

हिच्या आजारपणात मी घरीही तेच केलं. गोळी हातात घेतली की दोघांनी मोठ्यानं म्हणायचं, "सकाळची पांढरी घेतली." तिला दुपारी आठवायचं नाही, पण मला आठवायचं, आणि दोनदा दिली जायची नाही. दोन माणसांत मिळून एक स्मरणशक्ती, असं आमचं शेवटची तीन वर्षं चाललं.

निशिगंध

रुळावरून काका, नमस्कार तुम्हाला.

वॉर्डातली_ताई

मी २२ वर्षं नर्स आहे. औषधांची ट्रॉली घेऊन फिरताना मध्ये बोलावणं आलं की चूक होते, म्हणून काही ठिकाणी औषधं वाटणारी सिस्टर 'कृपया मध्ये बोलू नका' लिहिलेलं जाकीट घालते. आमच्याकडे तसं नव्हतं. एकदा एका नातेवाइकांनी बिलाचं विचारलं, मी उत्तर दिलं आणि एका आजोबांच्या गोळ्या पुढच्या खाटेवर ठेवल्या. त्या आजींनीच सांगितलं, "ही माझी नाही, माझी गुलाबी असते." तेव्हापासून व्यत्यय आला की मी त्या पेशंटचं पुन्हा पहिल्यापासून करते. मधूनच उचलून पुढे जायचं नाही, हा धडा कायमचा मिळाला.

ओसरी, एक महत्त्वाचं. आईंचं विसरणं एखाद्या दिवशी अचानक वाढलं, दिवसभर गुंगी किंवा बडबड, लक्ष अजिबात लागत नाही असं झालं, तर ते नेहमीचं समजून थांबू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातलं मीठ कमी होणं, नवीन गोळी यांनी असं होतं आणि ते बरं होण्यासारखं असतं. लगेच दाखवा.

निशिगंध

याला जोडून : बी-१२, थायरॉइड तपासले आहेत ना? आणि कान! सासूबाईंना आम्ही वर्षभर विसराळू म्हणत होतो, अर्धं त्यांना ऐकूच येत नव्हतं. ऐकण्यातच सगळी शक्ती गेली तर लक्षात ठेवायला काय उरणार? मशीन लावल्यावर भ्रंश गेला नाही, पण बोलणं परत सुरू झालं.

ओसरी

बी-१२, थायरॉइड झालंय, ठीक आहे. कानांचं लक्षातच आलं नव्हतं, याच आठवड्यात नेते. टीव्हीचं कुणी सांगेल का? आमच्याकडे दुपारभर मालिका सुरू असते. बंद केला तर तिला घर ओकंबोकं वाटतं.

मेंदूवाला

टीव्हीबद्दल ठाम सांगण्यासारखं आहे. नुकतंच ऐकलेलं धरून ठेवताना सगळे आवाज सारखा त्रास देत नाहीत. पंख्याची घरघर, पावसाचा एकसुरी आवाज फारसा आड येत नाही. माणसाचं बोलणं येतं, आणि ते समजत नसलं तरी येतं. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श यांनी जर्मन न येणाऱ्या लोकांना अक्षरं लक्षात ठेवायला देऊन मागे जर्मन उतारा लावला, तरी चुका वाढल्या. म्हणजे 'टीव्हीकडे तिचं लक्षच नसतं' हा युक्तिवाद टिकत नाही. मालिका दिवसभर बंद ठेवायची गरज नाही. काही सांगायचं असेल त्या पाच मिनिटांपुरती आवाज शून्य करा आणि समोर बसून सांगा.

आक्का

सगळं वाचलं. मला एक वेगळंच म्हणायचंय आणि ते जरा कडक वाटेल.

माझ्या यजमानांना नऊ वर्षं हा आजार होता. बँकेत आयुष्य गेलेलं. दवाखान्यात चाचणीच्या वेळी त्यांना तीन शब्द सांगितले, मग शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. ९३, ८६, ७९, ७२, ६५, एका दमात! माझ्याकडे पाहून हसले. मग डॉक्टरांनी विचारलं, ते तीन शब्द कोणते? ते म्हणाले, "कुठले शब्द? तुम्ही शब्द सांगितलेच नाहीत." भांडायलाच उठले. खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी खरंच कुणी काही सांगितलं नव्हतं.

त्या दिवसानंतर मी घरी रोज परीक्षा घ्यायला लागले. "सकाळी काय खाल्लं? आत्ता काय सांगितलं मी?" मला वाटायचं, सरावानं सुधारेल. सुधारलं काहीच नाही. ते माझ्यासमोर यायचं टाळायला लागले. नापास व्हायला कुणाला आवडतं? सहा महिने मी त्या माणसाला रोज नापास केलं, याचं मला आजही दुःख आहे. ओसरी, प्रयोग जरूर कर, पण आईला प्रश्न विचारू नकोस गं.

ओसरी

आक्का, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी विचारते तसं. आजपासून नाही.

मेंदूवाला

आक्का, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी ते घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं. ती चाचणी १९७५ पासून वापरात आहे, एकूण ३० गुणांची. वजाबाकी तिथे लक्ष पाहण्यासाठी आहे, पण ती आणखी एक काम करते : तीन शब्द घोळवू देत नाही. तुमच्या यजमानांची वजाबाकी उत्तम झाली आणि तिनंच शब्द पुसले. चाचणी निदानासाठी असते. घरी रोज घेतली तर तो फक्त छळ होतो.

सराव करायचाच असेल तर चुकू न देता करायचा. म्हणजे विचारायचं नाही, सांगायचं : "आज बुधवार, दुपारी कविता येणार आहे."

तर्कशुद्ध

मेंदूवाला, मूळ प्रश्न राहिलाच. शांतता दिली तर स्मृतिभ्रंश असलेल्याच्या लक्षात जास्त राहतं याला पुरावा काय? हेन्रींचे ५८४ मला मोजता येणार नाहीत, ते घोकत होते.

मेंदूवाला

पुरावा आहे, थोडा पण विलक्षण. आधी म्हणजे १९०० साली ग्योटिंगेनमध्ये म्युलर आणि पिल्त्सेकर यांनी मांडलं होतं की शिकल्यानंतर लगेच दुसरं काम दिलं तर आधीचं पक्कं होत नाही. शंभर वर्षांनी, २००४ मध्ये कावन, बेस्किन आणि देला साला यांनी तीव्र विस्मरणाच्या सहा रुग्णांना छोट्या गोष्टी ऐकवल्या. एकदा नंतरचा तास चाचण्या देत गेला, एकदा अंधाऱ्या शांत खोलीत. चाचण्यांच्या तासानंतर सहांपैकी चौघांच्या लक्षात सरासरी ७ टक्के मजकूर उरला, शांत तासानंतर ७९ टक्के. उरलेल्या दोघांना काहीच फायदा झाला नाही, हेही तितकंच महत्त्वाचं.

'घोकत बसले असतील' ही शंका त्याच गटातल्या मायकेला ड्यूअर यांनाही आली. त्यांनी पुढे निरोगी लोकांना उच्चारता न येणारे परके शब्द दिले, जे मनात घोळवताच येत नाहीत. तरी दहा मिनिटं डोळे मिटून शांत बसलेल्यांना ते नंतर जास्त ओळखू आले. निरोगी ज्येष्ठांवरच्या त्यांच्या २०१२ च्या प्रयोगात अशा दहा मिनिटांचा फायदा सात दिवसांनीही टिकला होता.

पण तर्कशुद्ध, तुमच्या वडिलांचा अनुभवही खोटा नाही. ते रुग्ण निवडक होते, अनेकांचा आजार अल्झायमर नव्हता. घरी सगळ्यांना इतका फरक दिसेल असं मी म्हणणार नाही. धोका मात्र शून्य आहे.

तर्कशुद्ध

सातावरून एकोणऐंशी. मागे घेतो. रविवारी वडिलांबरोबर करून पाहतो.

गवतीचहा

नवीन सदस्य, पहिलाच प्रतिसाद. आजी चालता चालता बोलायला लागली की थांबते. उत्तर देऊन झालं की मग पुढे पाऊल टाकते. याचा इथल्या विषयाशी संबंध आहे का?

मेंदूवाला

गवतीचहा, फार चांगलं निरीक्षण आणि अगदी थेट संबंध. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की बोलताना चालणं थांबवणारे वृद्ध पुढे पडण्याची शक्यता जास्त असते. एका वेळी दोन कामं वाटून घेणारी मेंदूतली व्यवस्था कमी पडते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली यांच्या गटानं याच प्रश्नावर बरंच काम केलंय : आकडे लक्षात ठेवणं आणि हातानं एक हलती खूण गाठत राहणं, ही कामं वेगवेगळी प्रत्येकाला झेपतील इतकीच सोपी करून दिली. एकत्र करायला लावल्यावर निरोगी ज्येष्ठ तरुणांइतकेच टिकले, अल्झायमरचे रुग्ण मात्र कोसळले. म्हणजे अल्झायमरमध्ये फळी गेलेली असतेच, शिवाय हातही एका वेळी एकच वस्तू धरू शकतो. हेन्रींपेक्षा हा वेगळा त्रास आहे.

आजी जिना उतरत असताना तिच्याशी बोलू नका. तिनं काही विचारलं तर खाली पोचल्यावर उत्तर द्या.

गवतीचहा

बापरे. आम्ही तर तिला जिन्यावर कंटाळा येऊ नये म्हणून मुद्दाम गप्पा मारायचो. आजच सगळ्यांना सांगते.

निशिगंध

हा एक प्रतिसाद घरच्या ग्रुपवर टाकला.

चष्मा_कुठाय

आणि पाढ्यांचं काय? आमचे आजोबा शेवटी शेवटी मला ओळखत नव्हते, पण पावकी, निमकी, पाऊणकी खडाखडा म्हणायचे. मध्ये कुणी बोललं तर थांबायचे आणि बरोबर सोडलेल्या ठिकाणापासून पुढे! तिथे व्यत्ययाची मात्रा चालायची नाही.

आक्का

आमच्याकडे आरत्या. एकही शब्द चुकायचा नाही. शेवटच्या वर्षी मला "बाई, तुम्ही कोण" विचारायचे आणि मी आरती सुरू केली की टाळी धरायचे. ती पंधरा मिनिटं आम्ही नवरा-बायको असायचो.

मेंदूवाला

लहानपणी हजारदा म्हटलेलं फार खोल आणि दुसऱ्या वाटेनं रुतलेलं असतं, ते आज हातात धरावं लागत नाही. म्हणून टिकतं. आक्का, याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

हार्टफर्डची_थंडी

हेन्रींचंही असंच काहीसं. आरशात बघून चांदणीच्या रेषेवरून पेन्सिल फिरवायला ते दिवसागणिक शिकत गेले, हात सुधारत गेला, आणि दर दिवशी त्यांना वाटायचं आपण हे पहिल्यांदाच करतोय.

ओसरी

तीन आठवड्यांनी लिहितेय. उशिराबद्दल माफ करा, मध्ये कानाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या. डाव्या कानाला बरंच कमी ऐकू येतं. मशीन बनायला टाकलंय.

काय काय केलं ते सांगते. फोनवरून निरोप देणं बंद केलं. सकाळी निघण्याआधी टीव्ही बंद करून समोर बसते, एकच गोष्ट सांगते, ती म्हणून दाखवते, आणि मग दोघी गॅलरीत दहा मिनिटं काही न बोलता बसतो. पहिल्या दिवशी मलाच ते जमेना, हात सारखा मोबाइलकडे जायचा. आई मात्र शांत. तुळशीकडे बघत बसते.

आक्कांनी सांगितल्याप्रमाणे प्रश्न विचारत नाही, त्यामुळे लक्षात राहिलं की नाही हे तिनं आपणहून काही केलं तरच कळतं. बऱ्याच दिवशी काहीच कळलं नाही. दोनदा मात्र नक्की राहिलं. एकदा भाजीवालीला तिनं मी सांगितलेली गवारच मागितली. आणि गेल्या मंगळवारी संध्याकाळी आले तर म्हणाली, "तुझ्या मावशीचा फोन यायचा होता ना? आला नाही हो." मी सकाळी आठ वाजता सांगितलं होतं. संध्याकाळचे सात वाजले होते. मी चपला न काढता तिथेच उभी राहिले.

बुधवारी परत काहीच नाही. गॅलरीत बसलो होतो हेही नाही. ठीक आहे.

तर्कशुद्ध

वडिलांना फरक पडला नाही. चार रविवार केलं. पण ते दहा मिनिटं माझा हात धरून बसतात, म्हणून बंद करणार नाही.

रुळावरून

ओसरीताई, अकरा तास! गाडी वेळेवर आली.

चष्मा_कुठाय

ओसरीताई, मूळ धाग्यात बेल होती. तिचं काय केलंत?

ओसरी

इस्त्रीवाल्यांना सांगितलंय, सकाळी नऊनंतर या. त्यांनी विचारलं का, मी सगळं सांगितलं. तर म्हणाले, "आमच्या घरी पण आई आहे." आता ते बेल वाजवत नाहीत. कपडे दाराच्या कडीला अडकवून जातात.